चिकित्सक आणि चोंबडी

गेल्या महिन्यातल्या एका गुरुवारी आमच्या घरात दोन घटना घडल्या. पहिली सकाळी साडेनऊला. विहाननं, म्हणजे माझ्या लेकीच्या लेकानं, दुरुस्तीला आलेलं गजराचं घड्याळ मोरीतल्या बादलीत सोडलं आणि बादलीला कान लावून बसला. पाण्यात गजर वाजतो का, हे त्याला बघायचं होतं. वाजला नाही. दुसरी घटना सव्वादहाची. आमचे एक लांबचे नातेवाईक, वय वर्षं अठ्ठ्याहत्तर, चहाला आले होते. ओवीनं, म्हणजे माझ्या लेकाच्या लेकीनं, त्यांच्यासमोर स्टूल ओढलं, त्यावर चढून बसली, बराच वेळ त्यांच्या तोंडाकडं टक लावून बघितलं आणि विचारलं, ‘तुमचे दात रात्री कुठं झोपतात?’

दोघंही सव्वाचार वर्षांची. दोघांत अंतर अकरा दिवसांचं. त्या सकाळी दोघांना दुखणं एकच झालं होतं, की जे माहीत नाही ते कळल्याशिवाय राहवत नाही. पण निदान वेगवेगळं झालं. घड्याळाची बातमी घरभर फिरून माझ्यापर्यंत आली तेव्हा तिला ‘शास्त्रज्ञ होणार बघा हा’ असं शेपूट फुटलेलं होतं. दातांच्या बातमीचं शेपूट होतं, ‘फार चोंबडी झालीय ही, आत्तापासून आवरा.’

पाहुण्यांनी मात्र तिला नीट उत्तर दिलं. ‘वाटीत झोपतात,’ म्हणाले, ‘पाण्यात.’ ओवीनं मोरीकडं एक नजर टाकली. ‘मग ते बंद नाही पडत?’

मराठी भाषा या बाबतीत फार श्रीमंत आहे. मुलानं नको तिथं हात घातला की तो चौकस, चिकित्सक, खटपट्या. फारच नुकसान झालं तर उपद्व्यापी, पण त्या उपद्व्यापातही कौतुकाची साखर पेरलेली असते. मुलीनं नको ते विचारलं की ती चोंबडी, भोचक, आगाऊ, शिष्ट. आणि प्रश्न अगदीच वर्मी लागला तर आजीबाई. ‘चोंबडा’ असाही शब्द आहे, नाही असं नाही. पण तो आपण चार वर्षांच्या मुलावर खर्च करत नाही. शेजाऱ्यांसाठी राखून ठेवतो.

मी घड्याळजी. एके काळी आमच्या पेठेत आम्ही नऊ जण होतो, आता दोन उरलोय, आणि त्यातला दुसरा मोबाइलची कव्हरं विकून घड्याळांचा शौक भागवतो. घराच्या पुढच्या खोलीत माझं टेबल. मुलांचे आईबाप कामाला जातात, मुलं दिवसभर आमच्याकडं. त्यांना अजून शाळेत घातलेलं नाही, कारण पोरांच्या आज्जीचा शाळेच्या घाईला विरोध आहे. ती तीस वर्षं अंगणवाडी सेविका होती. ‘मग अंगणवाडी ही शाळा नव्हे का?’ असं मी एकदाच विचारलं. त्यावर तिनं मला ताराबाई मोडकांपासून सुरुवात करून सांगितलं. ताराबाईंनी १९४५ साली बोर्डीला केंद्र काढलं, पण वस्तीवरची मुलं तिथवर येईनात. तेव्हा ‘मुलं येत नाहीत ना, मग आपण त्यांच्या अंगणात जाऊ’ असं ठरवून त्या आणि अनुताई वाघ सरळ अंगणात जाऊन बसल्या, म्हणून ती अंगणवाडी. ‘अंगण आणि शाळा यात फरक असतो,’ आज्जी म्हणाली. ‘अंगणात पोरं प्रश्न विचारतात. शाळेत मास्तर विचारतात.’

तर आमच्या घरी सध्या अंगण आहे. टेबलाच्या कडेशी जेमतेम पोचतील अशी दोन नाकं सकाळी नऊपासून हजर असतात. डोळ्याला भिंग लावलेलं असलं की मला त्यांतलं एक नाक डोंगराएवढं दिसतं.

घड्याळं कमी येतात, त्यामुळं हाताला वेळ असतो. मी जॉबच्या वहीची मागची पानं उघडली आणि मधे रेघ मारली. डावीकडं विहान, उजवीकडं ओवी. कोण काय विचारतं ते लिहायचं. तीन दिवसांतच मला सिद्धान्त सापडला. तो मी वहीच्या डोक्यावर लिहून खाली दोन रेघा ओढल्या: पोरगा वस्तू उघडतो, पोरगी माणूस उघडते.

सूनबाई कॉलेजात मानसशास्त्र शिकवते. तिनं वही चाळली आणि म्हणाली, ‘बाबा, तुम्ही अगदी पियाजेसारखं करताय.’ माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. पियाजे म्हणजे स्वित्झर्लंडची १८७४ पासूनची घराणेदार कंपनी. कागदासारखी पातळ घड्याळं करण्यात तिचा हात धरणारे थोडे. तिचं एकही घड्याळ माझ्या टेबलावर आजवर आलेलं नाही, पुढंही यायचं नाही, पण धंद्यातल्या माणसाला नाव माहीत असतं. मी लाजून म्हटलं, ‘छे गं, इतकं पातळ काम आपल्याला कुठलं जमायला!’

ती जाँ पियाजेबद्दल बोलत होती. हा दुसरा पियाजेही स्विस, तोही घड्याळांच्याच मुलखातला, न्यूशातेलचा, १८९६ चा जन्म. पण यानं घड्याळांच्या ऐवजी पोरं उघडली. स्वतःच्या तीन मुलांना, दोन मुली आणि एक मुलगा, अगदी पाळण्यापासून न्याहाळलं, त्यांच्या डोळ्यांदेखत खेळणं लपवून ती ते शोधतात का हे बघितलं, टिपणं काढली, आणि त्यांच्या आधारावर माणसाची बुद्धी कशी वाढते यावर जगप्रसिद्ध पुस्तकं लिहिली. तिघांवरून जग होत असेल, तर दोघांवरून निदान आमची पेठ व्हायला हरकत नसावी.

सिद्धान्ताला पुरावे भरपूर होते. माझ्या टेबलाला उजव्या हाताला एक खण आहे. दुरुस्त करून ठेवलेली, पण कुणी न्यायलाच न आलेली घड्याळं त्यात असतात. चाळीस वर्षांत साठ-पासष्ट जमली असतील; प्रत्येकाला दोऱ्यानं बांधलेली चिठ्ठी, चिठ्ठीवर नाव आणि रक्कम, काहींवर तर ‘रु. १२’. विहाननं त्या खणाकडं बघून विचारलं, ‘हा सगळा बाहेर ओढला तर पडतो?’ त्याचा नेहमीचा तिसरा प्रश्न असा असतो, आणि तो विचारून होईपर्यंत प्रयोग आटोपलेला असतो. खण पडला. मी आणि आज्जी फरशीवर बसून घड्याळं वेचत असताना ओवी एकेक चिठ्ठी हातात घेऊन मला वाचायला लावत होती. ‘हे कुणाचं? हा का नाही आला? ह्याला बायको नव्हती आठवण करायला?’ आणि मग एक बायकांचं, नखाएवढ्या तबकडीचं घड्याळ तळहातावर धरून, ‘आबा, ह्या मेल्या का?’

मला माहीत नव्हतं. चाळीस वर्षं मी त्या खणाला पेंडिंग म्हणतोय. मेल्या असतील, हे मनात आलं नव्हतं.

विहानचा रकाना वाचताना वाटायचं की एखादा तरुण सुपरवायझर कारखान्यातून फिरतोय. हे काय, हे कशाला, हे फिरत का नाही, हे काढलं तर? ओवीचा रकाना म्हणजे पोलिस पाटलाचा जबाब. तो कोण, कुणाचा, कुठं निघाला, एकटाच का? गिऱ्हाईक दुकानात आलं की विहान त्याच्या मनगटाकडं बघायचा आणि ओवी तोंडाकडं. एक गृहस्थ सासऱ्यांनी दिलेलं घड्याळ विकायला आले होते. ओवीनं त्यांना ‘सासऱ्यांना सांगितलंत का?’ एवढंच विचारलं आणि ते घड्याळ परत खिशात घालून गेले. धंद्याच्या दृष्टीनं हे कुतूहल महागडं आहे.

एका मंगळवारी साडेनऊ ते साडेदहा मी नुसते प्रश्न मोजले. विहान एकतीस, ओवी चव्वेचाळीस. त्या तासात मी एका भिंतीवरच्या घड्याळात सेल उलटा घातला आणि मशीन गेलं म्हणून गिऱ्हाइकाला फोन केला. संध्याकाळी सूनबाईला आकडे अभिमानानं दाखवले. तिनं सांगितलं, २००७ साली अमेरिकेत असाच हिशेब प्रसिद्ध झाला होता. चार मुलांच्या, दोन मुलगे दोन मुली, वर्षानुवर्षं रेकॉर्ड करून ठेवलेल्या बोलण्यावरून संशोधकांनी काढलं की मोठ्या माणसाशी गप्पा चालू असताना एक मूल तासाला सरासरी पंचाहत्तरच्या वर माहितीचे प्रश्न विचारतं. मी बेरीज केली. म्हणजे आमची दोघं मिळून एका अमेरिकी पोराएवढी. मला थोडं वाईट वाटलं. नंतर विचार केला, एचएमटीचं ‘जनता’ घड्याळ तासाला अठरा हजार ठोके टाकतं आणि त्याची कुणी तक्रार करत नाही. तेव्हा पंचाहत्तर काय अन् पन्नास काय.

वही आज्जीच्या हाती लागली तिथून सिद्धान्ताला उतरती कळा आली. तिनं चष्मा लावला, दोन पानं वाचली आणि विचारलं, ‘अहो, हे इ. काय आहे?’

‘इत्यादी.’

‘ते कळतंय मला. पण विहानचा प्रश्न तुम्ही पूर्ण लिहिलाय. ओवीचे दोन लिहिले की पुढं इ. ह्या पानावर इ., ह्याही पानावर इ. त्या इ.मध्ये काय होतं?’

मी म्हटलं, तेच आपलं, हा कोण, तो कोण. ‘तेच नव्हतं,’ आज्जी म्हणाली. तिला स्वयंपाकघरातून सगळं ऐकू येतं. तीस वर्षं चाळीस-चाळीस पोरांच्या गलक्यात कान तयार झालेले आहेत. ‘बुधवारी तिनं विचारलं होतं, घड्याळाला आतून कोण ढकलतं. तुम्ही काय सांगितलंत?’

मला आठवेना.

‘मोठी झालीस की कळेल. असं सांगितलंत. आणि त्याच दुपारी विहानला मांडीवर घेऊन मेन स्प्रिंग कशी ताणते, कशी सुटते, वीस मिनिटं पुराण लावलं होतंत.’

‘तो विचारत होता म्हणून...’

‘तो झोपला होता.’

हे खरं होतं. मी एस्केप व्हीलपर्यंत आलो तेव्हा माझ्या शर्टावर त्याची लाळ आली होती. तरी मी थांबलो नव्हतो. तेवढं ऐकणारा माणूस मला बऱ्याच वर्षांनी मिळाला होता.

सूनबाईनं अशा वेळी गप्प बसावं की नाही? पण शिक्षकाला राहवत नाही. कॅलिफोर्नियात सॅन होजे गावी मुलांचं एक संग्रहालय आहे, हात लावून, फिरवून, दाबून बघायच्या वस्तूंचं. तिथं मुलांना घेऊन आलेल्या आईबापांवर काही संशोधकांनी नजर ठेवली आणि २००१ साली निष्कर्ष छापले. खेळणं कसं चालवायचं, हे आईबाप मुलाला आणि मुलीला सारखंच सांगत होते. पण ते तसं का चालतं, हे समजावून सांगणं मुलांच्या वाट्याला मुलींच्या तिप्पट आलं होतं. आज्जीनं सगळं ऐकून घेतलं. ‘एवढ्या लांब कशाला गेली ती माणसं,’ म्हणाली. ‘इथं आली असती तर चहा तरी मिळाला असता.’

मग तिनं अंगणवाडीतलं सांगितलं, नेहमीसारखं मेथी निवडता निवडता. तीन वर्षांची असतात तोवर मुलगे काय आणि मुली काय, डोकं सारखंच खातात. नवी वस्तू आली की सगळी तिच्यावर पडतात, बाहुली असो की ट्रक. साडेचार-पाचच्या आसपास काही मुली गप्प होतात. ‘कारण तोवर कडेवर भाऊ आलेला असतो. भावाला घेऊन यायच्या, त्याला खाऊ भरवायच्या, त्याचं नाक पुसायच्या. प्रश्न विचारायला हात मोकळे लागतात हो.’

मी वहीतला ओवीचा रकाना पुसणार होतो, पण पेन बॉलचं होतं. तेव्हा दुसऱ्या दिवशी प्रायश्चित्त म्हणून मी ओवीला स्टुलावर बसवलं, एका चावीच्या घड्याळाचं मागचं झाकण उघडलं, तिच्या डोळ्याला भिंग लावून दिलं (ते तिच्या गालापर्यंत आलं) आणि सांगायला सुरुवात केली. ही मेन स्प्रिंग. ही सगळ्यांना पुढं ढकलते. एकदम सुटली तर काटे गरगर फिरतील आणि दिवस एका मिनिटात संपेल. म्हणून हे पॅलेट आहे. ते चाकाचा एकेक दात अडवतं, सोडतं, अडवतं, सोडतं. त्याचाच आवाज टिकटिक. ओवीनं भिंगाचा डोळा घड्याळात आणि उघडा डोळा माझ्यावर ठेवून ऐकलं.

‘म्हणजे आज्जी ढकलते,’ ती म्हणाली, ‘आणि तू अडवतोस.’

आतून मेथीचं पातेलं जरा जोरात ठेवल्याचा आवाज आला. हसण्याचाही असेल.

इतकं होऊनही सिद्धान्ताचा एक तुकडा माझ्या हातात शिल्लक होता, आणि तो पिवळ्या रंगाचा होता. जेसीबी. विहानला जेसीबीचं वेड आहे. वेड हा शब्द सौम्य आहे. वारकऱ्याला पंढरीचं असतं तसं. तो जेसीबीच्या चादरीवर झोपतो, जेसीबीच्या ताटलीत जेवतो, आणि साधा पोळीचा तुकडाही बकेटनं भाजी उचलल्यासारखा उचलतो. जेसीबी म्हणजे काय, हे त्यानं विचारलं म्हणून मला शोधावं लागलं. ती इंग्लंडातल्या जोसेफ सिरिल बॅमफर्ड नावाच्या माणसाची आद्याक्षरं. त्यानं १९४५ साली धंदा सुरू केला, १९७९ साली कंपनी भारतात आली, आणि आता कुठल्याही कंपनीचं खोदायचं यंत्र आलं तरी आपण जेसीबी आला म्हणतो. विहान म्हणत नाही. तो ‘बॅकहो लोडर’ म्हणतो. र म्हणता येत नाही, पण बॅकहो लोडल म्हणतो.

सूनबाईलाही हे मान्य करावं लागलं. तिच्याकडं यावरही कागद होता, २००७ चाच. एकाच विषयाचं असं झपाटल्यासारखं वेड लहानपणी जवळजवळ एक तृतीयांश मुलांत दिसतं, आणि त्यात मुलगे मुलींपेक्षा खूपच जास्त. मी टेबलावर थाप मारली. म्हणजे फरक आहे तर! पोराचं कुतूहल बोअरवेलसारखं, एकाच जागी तीनशे फूट. पोरीचं पावसासारखं, सगळ्या अंगणभर.

‘शेजारची मुग्धा आठवते?’ आज्जीनं विचारलं.

आठवली. तीन वर्षांची असताना तिला पालीचं वेड लागलं होतं. भिंतीवरची प्रत्येक पाल तिला वेगळी ओळखू यायची, एकीचं नाव तिनं मावशी ठेवलं होतं. ‘शी’, ‘ई’, ‘मुली असं करतात का’, ‘अंगावर पडली म्हणजे कळेल’, असं म्हणत म्हणत घरच्यांनी महिनाभरात ते उतरवलं. बोअर तिथंही लागलं होतं, पाणीही होतं, वर फरशी टाकली. तिला रबरी पाल कुणी आणून दिली नाही. विहानकडं जेसीबी अकरा आहेत. त्यातले दोन मी आणलेले.

आणि मग खराखुरा जेसीबी आमच्या गल्लीत आला.

सोमवारची सकाळ. नळाचे, गॅसचे की इंटरनेटचे, खोदणारे कोण होते ते शेवटपर्यंत कुणाला कळलं नाही. चुन्यानं रेघ मारली, चार बॅरिकेड टाकले, आणि कोपऱ्यावरून ते पिवळं धूड धूर काढत आत वळलं. विहान माझं बोट धरून उंबऱ्यात उभा होता. त्याच्या तोंडातून शब्द फुटेना. यंत्रानं मागचे दोन पाय जमिनीवर टेकवले तेव्हा तो फक्त ‘स्टॅबिलायझल’ एवढं पुटपुटला, आरती संपल्यावर देवाचं नाव घेतात तसं. पूर्ण पाऊण तास त्यानं एक प्रश्न विचारला नाही. विचारायचं काय? त्याला सगळं माहीतच होतं.

ओवीला काहीच माहीत नव्हतं, म्हणून ती गेली. ऑपरेटर जेवायला थांबला होता. कॅबिनच्या पायरीवर डबा उघडून बसला होता. हा पोरगा मूळचा झारखंडचा, मराठी जेमतेम. ओवीचं हिंदी कार्टूनमधून आलेलं, त्यामुळं तिच्या बोलण्यात मधूनच खलनायकासारखं हसू येतं.

‘आपका मम्मी किधर है?’

‘गाँव में.’

‘फिर ये डब्बा किसने दिया?’

इथून सुरुवात झाली. पाच मिनिटांत तिनं काढलेली माहिती अशी: डबा खानावळीचा आहे, भाजीत मीठ कमी आहे, त्याला पाच वर्षांची मुलगी आहे, ती छठनंतर दिसलेली नाही, कॅबिनमध्ये काचेला चिकटवलेला फोटो तिचा आहे, ती रोज रात्री फोनवर ‘आज कितना खोदा’ विचारते. मी पुढं होऊन ‘ओवी, काकांना जेवू दे’ म्हणणार होतो. ओठांवर ‘चोंबडी’ आलाच होता. आज्जी शेजारी उभी होती, म्हणून गिळला.

मग ओवीनं यंत्राला एक प्रदक्षिणा घातली. पुढं मोठी बकेट, मागं लांब सोंड. परत आली आणि म्हणाली, ‘अंकल, आप पीछे खोदता है तो आगे का किसको दिखता है?’

ऑपरेटर घास हातात धरून थांबला. हसला. डबा बंद केला, हात धुतले आणि तिला उचलून आत घेतलं. कॅबिनमधली खुर्ची गर्रकन उलटी फिरते. पुढं तोंड केलं की गाडी चालवायची, मागं तोंड केलं की खोदायचं, एकच माणूस आणि एकच खुर्ची. मला अडुसष्टाव्या वर्षी हे कळलं. विहानला ठाऊक होतं; पण त्यानं ते मला कधी सांगितलं नव्हतं, कारण मी कधी विचारलं नव्हतं.

ऑपरेटरनं विहानलाही बोलावलं. तो माझ्या पायामागं लपला. भक्ताला गाभाऱ्यात जायची भीती वाटते, त्यातला प्रकार. आत ओवी मांडीवर बसली, तिचा हात लिव्हरवर, त्याच्यावर ऑपरेटरचा हात. इंजिन घुरघुरलं, ती भली मोठी सोंड वीतभर वर झाली आणि वीतभर खाली आली. गल्लीतल्या गच्च्यांवरून टाळ्या पडल्या.

ती उतरली आणि विहान जागा झाला. आत पंखा आहे का? लिव्हर किती? डावा ओढला तर काय? खुर्ची गरम होती का? ओवीनं एकेक उत्तर दिलं, मी कुणाला कधी दिलं नसेल इतक्या सविस्तर. मग तिनं काचेवरच्या फोटोतल्या मुलीबद्दल सांगितलं. विहान बराच वेळ गप्प राहिला.

‘तिच्याकडं जेसीबी आहे?’ त्यानं विचारलं.

‘तिच्या बाबाकडं आहे.’

‘पण तो इथंय,’ विहान म्हणाला. तो घरात गेला आणि त्याच्या अकरातला सगळ्यात लहान, चाक तुटलेला, घेऊन आला. ऑपरेटरनं तो डॅशबोर्डवर ठेवला. हा प्रसंग वहीच्या कुठल्या रकान्यात बसवायचा, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

मी फोटो काढला होता. उन्हामुळं कॅबिनच्या काचेवर चमक आली होती. एक छोटा हात आणि लिव्हर एवढंच नीट दिसत होतं. तो मी घराण्याच्या ग्रुपवर टाकला: ‘आज नातवंडांनी जेसीबी चालवला.’ उत्तरं धडाधड आली. ‘वा विहान!’ ‘होणारे इंजिनीअर!’ ‘मामावर गेलाय.’ मामा पोस्टात आहे, तरीही. एका काकांनी पुण्याच्या इंजिनीअरिंग कॉलेजचं नाव सुचवलं. आज्जीनं माझ्या हातातून फोन घेतला आणि एका बोटानं टाइप केलं: ‘ती ओवी आहे.’

ग्रुप मिनिटभर शांत. मग पहिलं उत्तर: ‘अगं बाई! पडली असती म्हणजे?’ पाठोपाठ दुसरं: ‘एवढ्या लहान मुलीला असं कुणाच्याही गाडीत बसवू नका हो.’ तिसरं: ‘धीट आहे हं. लक्ष ठेवा.’ इंजिनीअरिंग कॉलेजवाले काका त्यानंतर काही बोलले नाहीत. त्यांनी गुड नाइटचा गुलाब टाकला.

मंगळवारी जेसीबी गेला. कुठं गेला, परत कधी येणार, कुणाला पत्ता नाही. त्याच्यामागं माझ्या दुकानाच्या पायरीला लागून साडेतीन फूट खोल, दोन फूट रुंद आणि गल्लीभर लांब असा चर उरला. त्यावर आम्ही एक फळी टाकलीय. गिऱ्हाइकं आधीच कमी. त्यात आता फळीवरून चालायची ज्यांची हिंमत आहे तेवढीच येतात.

आज बारावा दिवस. सकाळी नऊला दोन्ही नाकं टेबलाशी आली नाहीत. भिंग काढून बाहेर बघितलं तर दोघं चराच्या काठावर उकिडवी बसलेली. विहान आतल्या मातीचे थर बोटानं मोजत होता: काळी, मग मुरूम, मग कुणाचा तरी जुना फुटका पाइप. ओवी समोरच्या आजोबांना ‘तुम्ही आता बाहेर कसे जाणार?’ विचारत होती. मी वही उघडली, तारीख टाकली. म्हटलं, चला, आपले दोन रकाने अजून शाबूत आहेत.

तेवढ्यात दोघांनी माना वळवल्या आणि एकाच वेळी, एकाच सुरात, शब्दाचाही फरक न करता विचारलं, ‘आबा, हा खड्डा कोण बुजवणार?’

मी प्रश्न मधल्या रेघेवर लिहिला. आज्जी दारात येऊन उभी राहिली होती, मी आता काय सांगतो ते ऐकायला.

‘मोठे झालात की कळेल,’ मी म्हटलं. दोघांनाही.